शंभरपैकी सत्त्याऐंशी मत्सर

शहापूर
३ जुलै २०२५

ती. आजीस,

हर्षालीचा नमस्कार. फोन करत नाही, कारण तुझ्या पाड्यावर रेंज नसते आणि माझ्या घरात भिंतींनाही कान असतात. अंगणवाडीच्या अनिताताईंना सांग, हे पत्र तुला एकटीलाच वाचून दाखवायचं.

आजी, माझ्याकडून प्रज्वलला काढून घेतलं.

तुला ठाऊक आहे, माझी धाकटी जाऊ रंजिता बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यातच वाशिंदच्या कंपनीत परत कामाला लागली. तेव्हापासून तिचा मुलगा माझ्याच अंगाखांद्यावर वाढला. आंघोळ, पेज, झोप, सगळं मी. आता तो भिंत धरून चालतो.

मागच्या रविवारी रंजिताने मोबाइलवर एक चाचणी काढली. ‘तुमच्या मनात मत्सर किती?’ वीस प्रश्न. आधी तिने स्वतःची केली. बारा टक्के आले, ‘संतुलित मन’, आणि हिरवं फूल. मग म्हणाली, “आता ताई तुमची.” ती प्रश्न वाचत गेली, मी सांगत गेले, ती बटण दाबत गेली. सत्त्याऐंशी टक्के. सगळा लाल रंग. खाली लिहिलं होतं, ‘तीव्र मत्सर. जवळच्या व्यक्तींनी सावध राहावे.’

सासूबाईंनी विचारलं, “काय आलं गो?” रंजिताने वाचून दाखवलं. सासूबाई उठल्या आणि माझ्या मांडीवरून प्रज्वलला उचलून घेतलं. संध्याकाळी त्याच्यावरून मीठ-मोहरी उतरवली. पाच वर्षं लग्नाला झाली, मला मूल नाही, त्यावर त्यांनी आजवर शब्द काढला नव्हता. आता म्हणतात, “दृष्टीचा आधी नुसता संशय होता. आता फोनात आलंय.”

आवणी सुरू झाली आहे. मी गुडघाभर चिखलात रोपं लावते आणि सासूबाई छत्री धरून बांधावर बसतात, प्रज्वलला घेऊन. पावसात बाळ नेतील, पण माझ्याजवळ घरी ठेवणार नाहीत. तो मला बघून हात वर करतो. मी खाली वाकून रोपं लावत राहते. हे म्हणतात, “दोन दिवसांनी विसरतील.”

आजी, खरं असेल का गं? मशीन खोटं कशाला बोलेल? त्याचं माझ्याशी काय वाकडं?

तुझी,
हर्षाली

*

उंबरपाडा, सिद्धगडाच्या पायथ्याशी, ता. मुरबाड
९ जुलै

चि. हर्षाली,

अनिता म्हणते, सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. लिहिले समज. मला घाई आहे.

तुझं पत्र अनिताने अंगणवाडीच्या ओट्यावर वाचलं. शेजारची जिवली येऊन बसली होती, तिला मी पाणी आणायला पिटाळली. तशीही सध्या मी तिच्याशी बोलत नाय. तिच्या नातीने तिला घड्याळ आणलंय. म्हातारीला टाइम बघता येत नाय, पण हात असा पुढं धरून चालते जशी काय वीज पडली आणि मनगटावर अडकली. माझ्या नातीने मला काय आणलं? जाऊ दे.

मशीनचं तुझ्याशी वाकडं नाय, गो. पण सरळ तरी काय आहे? तू कशी बसतेस, कशी हसतेस, पोराला पेज भरवताना स्वतःच तोंड कशी उघडतेस, हे त्यानं कधी पाहिलंय का? आमच्याकडं सून पाहायला जातात तर तिला चालायला लावतात, बोलायला लावतात, शेजारीपाजारी चौकशी करतात. तरी फसतात. आणि हे वीस प्रश्नांत माणूस ओळखतं!

तुझ्या सासूबाई तशा समजूतदार आहेत. घाबरल्या असतील. तू शांत राहा.

तुझी आजी

ता. क. हे पत्र पेटीत टाकायला म्हादू दुकानदाराकडं दिलं. माझी सवय तुला ठाऊक आहे. लिहिणार एक, वाचणार दुसरा. मला अक्षर येत नाय म्हणून मी एकाच्या हातावर कधी विसंबत नाय. तर म्हादूने वाचलं, आणि त्यात ‘समजूतदार’ निघालं! मी ‘घुबड’ म्हणाले होते. अनिता चांगल्या घरची आहे, तिच्या हातून शिवी लिहवत नाय. हे म्हादूच्या हाताने लिहून घेतेय.

आणि यावरून मला एक सुचलं. तू तोंडानं सांगत होतीस आणि बोट रंजिताचं होतं. तू काय बोललीस आणि तिनं काय दाबलं, ते तू डोळ्यांनी पाहिलंस का?

*

शहापूर
१६ जुलै

ती. आजीस,

नाही पाहिलं. मोबाइल तिच्याकडे वळलेला होता.

प्रश्न आठवतात तसे लिहिते. ‘दुसऱ्याच्या घरी आनंदाची बातमी आली की तुमची झोप उडते का?’ मी म्हटलं, होतं कधीतरी. ‘जवळच्या व्यक्तींच्या वस्तू तुम्ही तपासता का?’ मी म्हटलं, हो, यांचे खिसे तपासूनच शर्ट धुवायला टाकते. सगळ्या हसल्या. ‘गेल्या दोन आठवड्यांत भूक कमी, थकवा, चिडचिड?’ मी म्हटलं, पेरणीपासून हेच चाललंय. शेवटी निकालाच्या खाली एक माळ विकायला होती. मन शांत करणारी. रंजिता म्हणाली, मागवू का ताई तुमच्यासाठी?

ते हसून म्हणाली. सगळं हसूनच म्हणते. कंपनीची गाडी तिला फाट्यावर सोडते, तिथून घरी येईस्तोवर तिची पावडरसुद्धा उतरलेली नसते. दारात आली की सासूबाई म्हणतात, “रंजिता दमली असेल.” मी दिवसभर चिखलात असते, मी कधी दमत नाही. मला फक्त विचारतात, तांदूळ टाकलेत का.

आणि आली की ती प्रज्वलला उचलते आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहते. मुद्दाम. आजी, मला त्या पाठीचा इतका राग येतो की वाटतं, तिच्या ब्लाउजची शिवण धरून खालपर्यंत उसवावी.

पण बाळाचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. कधीच नाही. मशीनने हे विचारलंच नव्हतं.

सासूबाई आता मी जवळून गेले तरी त्याचं तोंड पदराने झाकतात. मला सांग, मी काय करू?

हर्षाली

*

उंबरपाडा
२४ जुलै

चि. हर्षाली,

आशीर्वाद. या खेपेला नीट लिहिलेत, म्हादू तपासणार आहे.

मी आणि अनिता वरच्या टेपाडावर गेलो, तिथं रेंज येते. तीच चाचणी काढली. अनिता वाचत गेली, मी बोलले, आणि बटण दाबायच्या आधी प्रत्येक वेळी ती मला म्हणाली, “आजी, हेच दाबू?” तसं ठरवूनच गेलो होतो.

‘जोडीदार कुठे आहे हे कळलं नाही तर अस्वस्थ वाटतं का?’ अनिता म्हणाली, आजी, हा सोडून देऊ. मी म्हटलं, का सोडायचा? म्हातारा जाऊन इतकी वर्षं झाली, कुठं आहे काय ठाऊक. वर आहे का खाली. अस्वस्थ तर वाटणारच. ‘नेहमी’ दाब. ‘जोडीदाराच्या वस्तू तपासता का?’ त्याची घोंगडी अजून मी रोज झटकते, विंचू असतो. ‘नेहमी.’ ‘शेजाऱ्याला नवी वस्तू मिळाली की वाईट वाटतं का?’ मला जिवलीचं मनगट दिसलं. ‘नेहमी’ नाय, त्याच्याहून जास्त काय असेल तर ते दाब. नव्हतं.

चौऱ्याऐंशी. लाल. ‘जोडीदाराशी मोकळा संवाद साधा.’ घे! आता संवादाला मी वर जाऊ?

मग चार दिवसांनी परत गेलो. जिवली आजारी पडली होती, तिला मी भात नेऊन दिला, तिनं घड्याळ माझ्या हातात घालून बघितलं, मला सैल झालं. मन हलकं होतं. तीच चाचणी, तीच मी. बावन्न. केशरी. मग माझा बत्तीस जळफळाट गेला कुठं? टेपाडावरून घरंगळला? एकाच धान्याची पायली सकाळी भरली आणि दुपारी अर्धी निघाली, तर आपण धान्याला चोर म्हणत नाय. पायली बघतो.

जिवलीच्या आवणीला ज्या बाया आल्या त्यांनापण अनिताने जेवणाच्या सुट्टीत तो भुकेचा आणि थकव्याचा प्रश्न विचारला. सगळ्या म्हणाल्या, ‘नेहमी.’ आवणीत कोण चिडत नाय? पाड्यात एकही शहाणी उरली नाय बघ.

अनिताने खाली-वर सगळं शोधलं. कुठल्या डॉक्टरने केली, कोणावर करून पाहिली, काही लिहिलेलं नाय. माळेची किंमत मात्र मोठ्या अक्षरात. ती म्हणते, खऱ्या चाचण्या असतात, नाय असं नाय. शेकडो लोकांवर आधी तपासून घेतात. आणि तरी तालुक्याच्या दवाखान्यात ती समुपदेशनवाली बाई नुसता कागद बघून काय सांगत नाय. समोर बसवते, तेच उलटसुलट करून विचारते, तोंडाकडं बघते. तुझ्या चाचणीत तोंडच नव्हतं.

इतकं झालं. आता माझं ऐक, आणि रागावू नको.

तू जळतेस, गो.

चाचणीनं सांगितलं म्हणून नाय. तुझ्या पत्रातली ती शिवण मला दिसली. भिंत धरून चालणारं पोर तिचं आहे, त्याच्यावर हक्क तिचा आहे, आणि माया तुझी झालीय. त्यात कोण जळणार नाय? पण जळणं म्हणजे दृष्ट लावणं नव्हे. जळून कोणाचं पोर वाळत नाय, जळणारीच वाळते. तुझ्या सासूनं या दोन गोष्टींची खिचडी केली, आणि त्या डबड्यानं तिला वर तूप वाढलं.

एवढं मान आणि मग ताठ मानेनं राहा.

आजी

*

शहापूर
९ ऑगस्ट

आदरणीय आजी,

सा. न. वि. वि. मी रंजिता, हर्षालीताईंची जाऊ. तुमची-माझी भेट लग्नातच झाली, तेव्हा तुम्ही मला म्हणाला होता, “पोरगी उंच आहे, पंखा पुसायला बरी.”

तुमचं मागचं पत्र आलं तेव्हा मी सुट्टीवर होते आणि ताई शेतावर. मी ते फोडलं. फोडायला नको होतं. वाचून ताईंना दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि त्या दिवसापासून कोणाशीच बोलत नाहीत. तुम्ही ‘जळतेस’ लिहिलंत ते त्यांना लागलं आहे. त्या तुम्हाला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

अनिताताई तुम्हाला दरवेळी विचारूनच बटण दाबत होत्या, मी ताईंना विचारलं नाही. बोट माझं होतं. ताई म्हणाल्या, “होतं कधीतरी.” पडद्यावर ‘कधीकधी’ होतं आणि त्याच्या खाली ‘नेहमी’ होतं. मी खालचं दाबलं. एकदा दाबलं, मग दाबतच गेले. आणि माझी स्वतःची उत्तरं मी नोकरीच्या मुलाखतीला देतात तशी दिली होती.

आईंनी बाळ उचलून घेतलं तेव्हा मला वाटलं, आता मी बोलायला पाहिजे. नाही बोलले.

आजी, मी ड्युटीवरून येते तेव्हा प्रज्वल त्यांच्या मांडीवर असायचा. मी हात पुढे करायची आणि तो त्यांच्या खांद्यात तोंड लपवायचा. रोज. मला ताप आला तर तो माझ्याजवळ झोपत नव्हता, त्याला ताप आला तर त्यांच्याशिवाय औषध घेत नव्हता. मी त्याची आई आहे हे मला त्याला ओळख करून दिल्यासारखं सांगावं लागायचं. पाठ करून उभी राहते म्हणून ताईंनी तुम्हाला लिहिलंच असेल, हो ना? मी पाठ करायची कारण त्याला ताई दिसल्या की तो रडायचा.

परवा मी ती चाचणी पुन्हा भरली. ताई बोलल्या होत्या तसं दाबलं तर त्यांचे अडतीस आले. माझं खरं भरलं तर एकोणऐंशी. म्हणजे आजारी मीच आहे. आता मी काय करू? आईंना सगळं सांगू का?

आपली,
रंजिता

*

उंबरपाडा
१५ ऑगस्ट

रंजिता,

पंखा पुसतेस ना? बरं.

तू पत्र फोडलंस, ते एक. पण फोडलेलं मान्य केलंस, ते दुसरं. पहिल्याचं मी काय बोलत नाय, कारण दुसरं जड आहे.

पण हे काय, बाई? पायली फुटकी आहे हे मी लिहून पाठवलं, तू वाचलंस, आणि परत त्याच पायलीत स्वतःला ओतून बघितलंस! एकोणऐंशी! काल अंगणवाडीत मुलं नव्हती म्हणून अनिताने सहज टेपाडावर नेऊन परत भरली, तर माझे सदुसष्ट आले. आता तू माझी थोरली का मी तुझी? तू आजारी नायस. तुला तुझं पोर पाहिजे. ते मोजायला फोन कशाला लागतो? सरळ वाक्य आहे, तोंडानं बोलता येतं. जावेला बोलायचं होतंस: ताई, तो तुमच्याकडं जातो, माझा जीव तुटतो. ती रडली असती, तू रडली असतीस, भात करपला असता, संपलं असतं.

सासूला सांगायचं म्हणतेस. सांग, पण टक्के सांगू नको. तिला टक्के कळत नायत, नुसता लाल रंग कळतो. ती म्हणेल, फोन सुनेच्या हातून बिघडला. मीठ-मोहरी फोनावरून उतरवेल. तिला डोळ्यांना दिसेल असं कर.

तिन्हीसांजेला कर. त्या वेळेला तुमच्याकडंही पोर दुसऱ्याच्या हातात देत नाहीत, दृष्टीचा टाइम असतो म्हणून. तेव्हाच सासूच्या समोर उभी राहा, आणि पोर आपल्या हातानं हर्षालीच्या मांडीवर दे. जन्म दिलेली बाईच देते म्हटल्यावर सासूला मध्ये बोलायला जागा राहत नाय. आणि देताना सांग की बटण मी चुकीचं दाबलं. एवढंच. जास्त बोललीस तर सासू त्यातलं तिला पाहिजे तेवढं धरेल.

तुला कठीण जाईल. तुला वाटेल, दिला की गेला. मी खोटं नाय सांगत, थोडा जाईलच.

आणि हर्षालीला म्हणावं, आजीनं तुला जळकी म्हटलं ते प्रेमानं म्हटलं. आजीपण जळकी आहे. तू एका परक्या पोरामागं पंधरा दिवस बोलायची बंद झालीस, माझ्यामागं कधी झालीस?

हर्षालीची आजी

*

शहापूर
२७ ऑगस्ट

ती. आजीस,

मी रागावले होते. अजून थोडी आहे. पण लिहिते.

परवा संध्याकाळी मी ओट्यावर चवळीच्या शेंगा निवडत होते. सासूबाई दिवा लावायला उठल्या होत्या. रंजिता कामावरून आली, पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. प्रज्वल पाळण्यात होता, त्याला उचलला आणि सरळ माझ्याकडे आली. माझ्या मांडीवरचं सूप बाजूला सारलं, शेंगा सांडल्या, आणि तिथे त्याला बसवलं.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, तिन्हीसांजेचं!”

ती म्हणाली, “आई, ताईंची बटणं मी चुकीची दाबली होती. मुद्दाम. त्यांचं काही नाही त्यात. मी कपडे बदलून येते.”

आणि आत गेली.

सासूबाईंच्या हातात काडी जळत होती ती बोटाला लागली तेव्हा त्यांनी टाकली. मला वाटलं, आता येतील आणि त्याला घेतील. नाही आल्या. दाराच्या चौकटीकडे बघत राहिल्या, मग दुसरी काडी ओढली.

आणि आजी, प्रज्वल रडायला लागला.

मला बघून नाही. मला तो ओळखेनाच. इतके दिवस मी जवळ नव्हते, तो विसरला. अंग मागे टाकून आतल्या दाराकडे हात करून रडला, “आई, आई.” तो शब्द तो या महिन्यातच शिकलाय. मी शिकवला नाही.

मला इतकं लागलं की सांगता येत नाही. रंजिता दारातून बाहेर आली. तिने त्याचे हात पाहिले. तिच्या तोंडावर हसू आलं, ते मी पाहिलं, आजी. खरं हसू. त्या क्षणी मला तिची शिवण परत आठवली.

मग तिने ओठ मिटले. एक पाऊल पुढे टाकलं होतं ते मागे घेतलं, आणि दाराच्या आड गेली. आली नाही. तो रडत राहिला. मी त्याला खांद्यावर घेतला, ओट्यावर फेऱ्या मारल्या, त्याचं ते जुनं हुंकारणं केलं जे मी झोपवताना करायची. कितीतरी वेळ लागला. दाराखालून तिची पावलं दिसत होती. कपडे बदलायला गेली होती ना, पण साडीची तीच किनार होती. सबंध वेळ ती तिथेच उभी होती. एकदासुद्धा बाहेर आली नाही.

शेवटी त्याने माझ्या मानेत नाक खुपसलं. मग ती बाहेर आली आणि शेंगा वेचायला बसली.

सासूबाईंनी रात्री मीठ-मोहरी उतरवली. पण आम्हा तिघांवरून एकदमच.

तुझी,
हर्षाली

*

उंबरपाडा
३ सप्टेंबर

चि. हर्षाली,

पत्र दोनदा वाचून घेतलं. एकदा अनिताकडून, एकदा म्हादूकडून. दोघंही त्या दाराआडच्या ओळीपाशी अडखळले, म्हणजे तिथं दोघांचं वाचन जुळलं.

तो दोन दिवसांत तुला ओळखेल. पोरांची जीभ लांब असते पण आठवण आखूड, आणि आखूड असते म्हणूनच परत भरता येते. सकाळी ती गाडीला जाईल तेव्हा तू घे, संध्याकाळी ती आली की तू स्वतः उठून तिच्या हातात दे. तो रडेल. कोणाकडं तरी रडतच जाईल, अजून बरेच दिवस. तुम्ही दोघी त्या रडण्यावर जळाल, आलटून पालटून. जळा. मीपण जळते. माझ्याकडं कधी आणताय त्याला, हे दोघींपैकी एकीनंही लिहिलं नाय.

आता एकच सांगते. ती दाराआड उभी होती, ते तू पाहिलंस. तिला ठाऊक नाय की तू पाहिलंस.

सांगू नको, गो. मला लिहिलंस तेवढं बस. आपल्याला कोणी पाहिलं हे कळलं, की माणूस पुढल्या खेपेला दाखवण्यासाठी उभं राहतं. तिला तशीच उभी राहू दे.

आजी